फ्लॅश उडालेला डोळ्यांना दिसतो, पण छायाचित्रात त्याचा उजेड येत नाही

कवडसा:

नमस्कार. माझ्याकडे दोन फ्लॅश आहेत. एक कॅमेऱ्याच्या हॉट-शूवर, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, बसतो आणि त्यात टीटीएलची, म्हणजे भिंगातून आलेला उजेड मोजून शक्ती आपोआप ठरवण्याची, सोय आहे. दुसरा पूर्णपणे मॅन्युअल असून त्याच्या पुढच्या बाजूला लहानसा संवेदक आहे, जो दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पडताच त्या फ्लॅशलाही उडवतो. गेला महिनाभर मी घरातल्या एका खोलीत धाकट्या बहिणीची व्यक्तिचित्रे काढण्याचा सराव करत आहे. मॅन्युअल फ्लॅश पांढऱ्या छत्रीसह स्टँडवर, तिच्या डावीकडे साधारण दीड मीटरवर ठेवतो आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छताकडे वळवून अगदी कमी प्रमाणात वापरतो.

अडचण अशी आहे की शटर दाबल्यावर दोन्ही फ्लॅश उडालेले मला स्वच्छ दिसतात आणि छत्रीच्या उजेडाने बहिणीचे डोळे दिपतात, परंतु छायाचित्रात छत्रीकडच्या उजेडाचा मागमूसही नसतो. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून पाहिल्या, तर जेथे छत्रीचे पांढरे प्रतिबिंब दिसायला हवे तेथे नुसता काळोख आहे.

मी शटरचा वेग १/२०० सेकंदावरून १/६० आणि नंतर थेट १/४ सेकंदापर्यंत खाली आणून पाहिला, पण काही फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली. मॅन्युअल फ्लॅशची शक्ती पूर्ण किंवा निम्मी असताना उजेड कधीच येत नाही, पण ती १/३२ वर आणली की बहुतेक वेळा थोडासा उजेड छायाचित्रात उतरतो. फ्लॅश बिघडला आहे का, की रेडिओ ट्रिगर, म्हणजे रेडिओ लहरींनी दूरचा फ्लॅश उडवणारे साधन, घेतल्याशिवाय हे काम होणारच नाही? नवीन वस्तू घेण्याआधी मला कारण समजून घ्यायचे आहे.

तिपाई:

तुमचा फ्लॅश बिघडलेला नाही. तुम्ही दिलेल्या दोन खुणांमध्येच याचे उत्तर आहे.

टीटीएलवर ठेवलेला फ्लॅश एका छायाचित्रासाठी दोनदा उडतो. शटर उघडण्यापूर्वी तो एक क्षीण झोत टाकतो, कॅमेरा भिंगातून परत आलेला उजेड मोजतो, त्यावरून किती शक्ती लागेल हे ठरवतो आणि मग शटर उघडल्यावर मुख्य झोत पडतो. पहिल्या झोताला प्री-फ्लॅश म्हणतात. या दोन झोतांमधले अंतर इतके थोडे असते की आपल्या डोळ्यांना दोन्ही मिळून एकच चमक वाटते. तुमच्या मॅन्युअल फ्लॅशमधल्या संवेदकाला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. उजेड एकाएकी वाढला की उडायचे, एवढेच तो जाणतो. त्यामुळे तो प्री-फ्लॅशच्या वेळीच उडून मोकळा होतो आणि शटर उघडते तेव्हा त्याच्याजवळ देण्यासारखे काही उरलेले नसते.

आता तुमच्या खुणा पाहा. उशीर झाल्यामुळे उजेड हुकत असता, तर १/४ सेकंदाच्या लांब एक्स्पोझरमध्ये तो नक्की सापडला असता. शटर कितीही वेळ उघडे ठेवून तो सापडत नाही, याचा अर्थ फ्लॅश शटर उघडण्याच्या आधीच उडत आहे. दुसरी खूण शक्तीची. पूर्ण शक्तीवर फ्लॅशमधला वीज साठवणारा कपॅसिटर एका झोतात जवळजवळ रिकामा होतो आणि तो पुन्हा भरायला काही सेकंद लागतात. १/३२ शक्तीला त्यातला थोडाच साठा खर्च होतो, म्हणून प्री-फ्लॅशला एकदा उडूनही मुख्य झोताच्या वेळी तो पुन्हा उडू शकतो. तुम्हाला दिसलेला थोडासा उजेड हा त्या दुसऱ्या झोताचा आहे.

उपाय तीन आहेत आणि पहिला सर्वांत चांगला आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवरून काढून मॅन्युअलवर ठेवा. तुमची मांडणी एका जागी स्थिर आहे आणि बहीण एका जागी बसलेली आहे, तेव्हा प्रत्येक छायाचित्रासाठी उजेड नव्याने मोजण्याचे तसेही कारण नाही. दुसरा उपाय मॅन्युअल फ्लॅशवरच असू शकतो. अनेक फ्लॅशांवर एस१ आणि एस२ अशा दोन स्लेव्ह पद्धती, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडाने उडण्याच्या पद्धती, असतात. एस१ मध्ये तो पहिल्या झोताला उडतो, तर एस२ मध्ये पहिला झोत सोडून देऊन दुसऱ्याला उडतो. मात्र डोळ्यांतला लालसरपणा टाळणारी सोय चालू असेल तर एस२ सुद्धा फसतो, कारण तेव्हा आधीचे झोत एकाहून जास्त असतात. ती सोय आधी बंद करा. तिसरा उपाय म्हणजे फ्लॅश एक्स्पोझर लॉक. त्याचे बटण दाबताच प्री-फ्लॅश आधीच पडून जातो, मॅन्युअल फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत थांबायचे आणि मगच शटर दाबायचे. ही युक्ती चालते, पण समोर माणूस असेल तर ती त्याच्या आणि तुमच्या संयमाची परीक्षा पाहते.

एक सावधगिरी. कॅनन आणि निकॉन यांची स्वतःची उजेडावर चालणारी बिनतारी व्यवस्था ही याहून वेगळी गोष्ट आहे. कॅननने ती १९९८ मध्ये ५५०ईएक्स फ्लॅशसोबत आणली आणि निकॉनने २००३ मध्ये एसबी-८०० सोबत. त्या व्यवस्थेत कॅमेऱ्यावरचा फ्लॅश झोतांच्या मालिकेतून दूरच्या फ्लॅशला सांकेतिक आज्ञा देतो आणि ती भाषा त्याच कुळातल्या फ्लॅशला कळते. साध्या स्लेव्हसमोर ही आज्ञा देणारी कमांडर पद्धत चालू ठेवली, तर तो त्या मालिकेतल्या पहिल्याच झोताला उडेल आणि तुम्ही पुन्हा याच जागी येऊन थांबाल.

चंदेरी छत्री:

तिपाई यांनी कारण अचूक सांगितले आहे. तरीही उजेडावर चालणाऱ्या स्लेव्हच्या भरवशावर फार काळ राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद खोलीत तो उत्तम चालतो, कारण भिंती आणि छत यांवरून परतलेला उजेडही त्याला पुरतो. मोकळ्यावर, भर उन्हात, तोच फ्लॅश दहा पावलांवरून दाद देत नाही. संवेदकाचे तोंड कॅमेऱ्याकडे हवे, म्हणून फ्लॅशचे डोके विषयाकडे आणि धड कॅमेऱ्याकडे असे फिरवून ठेवावे लागते, आणि फ्लॅश खांबामागे किंवा दाराआड लपवायचा असेल तर तोही मार्ग खुंटतो.

माझी खरी अडचण वेगळीच होती. एका घरगुती समारंभात मी दोन स्लेव्ह फ्लॅश कोपऱ्यांत लावले होते आणि तेथे आलेल्या प्रत्येकाच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश माझे फ्लॅश उडवत होता. मला हवा तो क्षण आला तेव्हा दोन्ही फ्लॅश पुन्हा भरत होते, आणि तासाभरात सेल संपले. त्या दिवसाची जी छायाचित्रे हुकली ती पुन्हा मिळणारी नव्हती, म्हणून मी त्यानंतर रेडिओकडे वळलो आणि पुन्हा मागे गेलो नाही.

रेडिओ ट्रिगर घ्यायचा झाल्यास आधी आपल्या कॅमेऱ्याच्या हॉट-शूच्या मध्यभागी गोल धातूचा संपर्कबिंदू आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. साधे ट्रिगर केवळ त्याच बिंदूवर चालतात आणि काही प्राथमिक स्तरावरच्या कॅमेऱ्यांत तो ठेवलेलाच नाही. टीटीएल हवे असेल तर ट्रान्समीटर, म्हणजे ट्रिगरचा कॅमेऱ्यावर बसणारा भाग, आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेलाच लागतो. केवळ मॅन्युअल शक्तीवर काम करायचे असेल तर साधा ट्रिगरही तितकेच चोख काम करतो.

कवडसा:

दोघांचे मनापासून आभार. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर, १/६४ शक्तीला ठेवला आणि पहिल्याच छायाचित्रात छत्रीचा उजेड आला. बहिणीच्या डोळ्यांत छत्रीच्या काड्यांसह प्रतिबिंब दिसत आहे. महिनाभर मी छत्री पुढेमागे सरकवत होतो आणि चूक मात्र दुसऱ्याच फ्लॅशच्या बटणात होती.

चंदेरी छत्री यांचे वाचून मी एका मित्राकडून २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा रेडिओ ट्रिगर आणि फ्लॅशला जोडायचा त्याचा रिसीव्हर दोन दिवसांसाठी आणला. त्यात दोन नव्या गोष्टी दिसल्या, ज्या मला उलगडत नाहीत. माझ्या कॅमेऱ्याचा सिंक वेग, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वाधिक वेग, माहितीपुस्तिकेत १/२५० सेकंद दिलेला आहे आणि मी तोच ठेवतो. तरीही आडव्या छायाचित्राच्या खालच्या कडेला एक अंधारी पट्टी येते. तिची वरची कड रेघेसारखी कापलेली नसून हळूहळू विरत जाते. १/१२५ ला ती नाहीशी होते. दुसरी गोष्ट अशी की मी कॅमेरा घेऊन फ्लॅशच्या अगदी शेजारी, अर्ध्या मीटरवर उभा राहिलो की चारपैकी एकदा तरी तो उडत नाही, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो की एकदाही चुकत नाही. अंतर वाढल्यावर जोडणी सुधारते, हे कसे?

शिवाय वडिलांचा फिल्मच्या काळातला एक मोठा फ्लॅश घरात आहे. तो या रिसीव्हरवर बसवला तर चालेल का?

दुसरा_पडदा:

आधी पट्टीविषयी, कारण ती समजली की फ्लॅश छायाचित्रणातला बराच गोंधळ मिटतो.

तुमच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे दोन पडदे आहेत. पहिला पडदा सरकून सेन्सर उघडा करतो आणि ठरलेल्या वेळानंतर दुसरा त्याच दिशेने येऊन तो झाकतो. एका पडद्याला सेन्सरची उंची पार करायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात असे धरू. १/२५० सेकंद म्हणजे ४ मिलिसेकंद. पहिला पडदा खाली पोहोचल्यापासून दुसरा निघेपर्यंत सेन्सर संपूर्ण उघडा राहतो तो जेमतेम १ मिलिसेकंद, आणि फ्लॅशचा उजेड पडायला हवा तो नेमका तेवढ्याच वेळात. १/१२५ ला हीच खिडकी ५ मिलिसेकंदांची होते. पुस्तिकेतला सिंक वेग हा फ्लॅश थेट हॉट-शूवर असताना मिळणारा वेग असतो. रेडिओ ट्रिगर आज्ञा घेतो, संकेत बनवतो, पाठवतो आणि रिसीव्हर तो ओळखून फ्लॅशला सांगतो. या सगळ्याला लागणारा वेळ मिलिसेकंदाचा काही भागच असला, तरी १ मिलिसेकंदाच्या खिडकीतून तो वजा होतो आणि दुसरा पडदा निघून गेलेला असतो.

पट्टी खालीच का, याचेही कारण आहे. भिंग सेन्सरवर उलटी प्रतिमा पाडते. पडदे वरून खाली सरकतात, म्हणून दुसरा पडदा आधी सेन्सरचा वरचा भाग झाकतो, आणि तो भाग म्हणजे छायाचित्राची खालची बाजू. कड विरत जाते, कारण फ्लॅशचा झोत पूर्ण शक्तीवर स्वतःच काही मिलिसेकंद रेंगाळतो आणि त्याच्या शेपटाकडचा उजेड सरकत्या पडद्यावर पडतो. शक्ती १/१६ पर्यंत कमी करून पाहा. झोत आखूड होईल आणि कडही जास्त रेखीव दिसेल.

म्हणून १/२०० ला पाहा, तेथेही पट्टी राहिली तर १/१६० ला या आणि तेथेच थांबा. बंद खोलीत यात काहीही गमावत नाही. फ्लॅशचा उजेड शटरच्या वेगाने कमीजास्त होत नाही, तो भिंगाचे छिद्र, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), शक्ती आणि अंतर यांनी ठरतो. शटर केवळ खोलीतला मूळचा उजेड किती घ्यायचा हे ठरवते. खात्री करायची असेल तर सर्व मोजमापे तशीच ठेवून फ्लॅश बंद करा आणि एक छायाचित्र काढा. ते संपूर्ण काळे आले, तर १/२५० आणि १/१२५ यांच्यात तुमच्यासाठी काहीच फरक नाही.

उन्हात वेग वाढवावाच लागतो तेव्हा हाय-स्पीड सिंक वापरतात. त्यात फ्लॅश एका मोठ्या झोताऐवजी पडद्यांच्या संपूर्ण प्रवासभर अतिशय वेगाने लुकलुकत राहतो. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते आणि ती दोन स्टॉप (म्हणजे उजेड एक चतुर्थांश) किंवा त्याहून जास्त असते. त्यासाठी कॅमेरा, ट्रिगर आणि फ्लॅश या तिघांनाही ती पद्धत यावी लागते. तुमच्या खोलीत तिची गरज नाही.

आता जवळून चुकण्याविषयी. रेडिओचा संकेत जितका जोरकस तितका चांगला, असे आपण गृहीत धरतो, पण ट्रान्समीटर अगदी शेजारी असला की तो रिसीव्हरच्या कानाशी ओरडल्यासारखे होते आणि शब्द ओळखू येत नाहीत. ही अडचण इतकी परिचित आहे की गोडॉक्सच्या एक्सप्रो ट्रिगरच्या मेनूत अंतरासाठी ० ते ३० मीटर आणि १ ते १०० मीटर अशा दोन निवडी दिलेल्या आहेत. मित्राच्या ट्रिगरमध्ये अशी निवड असेल तर लहान अंतराची घ्या. नसेल तर एक पाऊल मागे सरका, किंवा फ्लॅश स्टँडवर असा फिरवा की रिसीव्हर ट्रान्समीटरच्या थेट समोर राहणार नाही. चॅनेलही बदलून पाहा, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात घरातले वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बोलत असतात. या लहरी सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीच्या असतात आणि पाणी त्यांना शोषते, म्हणून ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्या मध्ये माणसाचे शरीर आले तरी पल्ला घटतो.

फ्लॅश उडाला नाही की सगळे खापर सेलांवर फोडायचे, हे मला पटत नाही. आधी रिसीव्हरचा दिवा पाहा. शटर दाबल्यावर तो लुकलुकला आणि फ्लॅश उडाला नाही, तर निरोप पोहोचला आहे. तेव्हा दोष फ्लॅशकडे आहे: तो अजून भरलेला नसेल, झोपी गेला असेल किंवा रिसीव्हरवर नीट सरकवून बसवलेला नसेल. दिवा लुकलुकलाच नाही, तर निरोपच पोहोचलेला नाही, आणि तेव्हा चॅनेल, ग्रुप, अंतर आणि ट्रान्समीटरचे सेल तपासा. रिसीव्हरवरच्या फ्लॅशची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करून टाकणे मात्र कधीही चांगले, कारण साधा ट्रिगर झोपलेल्या फ्लॅशला जागे करू शकेलच असे नाही.

तिपाई:

वडिलांच्या फ्लॅशविषयी मी लिहितो, कारण यात घाई केल्यास कॅमेरा किंवा रिसीव्हर निकामी होऊ शकतो. कृपया तो मोजल्याशिवाय कोठेही बसवू नका.

आजचे फ्लॅश त्यांच्या मधल्या संपर्कबिंदूवर काही व्होल्टच ठेवतात. फिल्मच्या काळातल्या कॅमेऱ्यांत मात्र धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकून फ्लॅश उडत असे, त्यामुळे त्या बिंदूवर २०० व्होल्टहून अधिक दाब असला तरी कॅमेऱ्याचे काही बिघडत नव्हते. आताच्या कॅमेऱ्यांत तेथे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. आयएसओ १०३३० या मानकाने तेथे २४ व्होल्टची मर्यादा सांगितलेली आहे. काही कॅमेरे २५० व्होल्टपर्यंत सहन करतात, तर काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ६ व्होल्टच सुरक्षित मानले जातात. तेव्हा स्वतःच्या कॅमेऱ्याची आणि रिसीव्हरची, अशा दोन्ही पुस्तिका उघडून आकडा पाहा.

मोजणे अवघड नाही. फ्लॅशमध्ये सेल घाला, तो चालू करून तयार असल्याचा दिवा लागू द्या. मल्टिमीटर डीसीच्या ३०० व्होल्टहून मोठ्या मापावर ठेवा, एक टोक फ्लॅशच्या पायाच्या मधल्या बिंदूला आणि दुसरे बाजूच्या धातूच्या कडेला लावा. टोकांच्या धातूला बोटे लावू नका. फ्लॅश स्वतः उघडण्याचा विचारही करू नका, कारण आतला कपॅसिटर सेल काढल्यानंतरही भरलेला राहतो आणि त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो.

कवडसा:

दुसरा_पडदा यांच्या सांगण्याप्रमाणे १/२०० ला पट्टीचा एक पुसटसा पदर उरला होता, १/१६० ला तोही गेला. फ्लॅश बंद ठेवून काढलेले छायाचित्र संपूर्ण काळे आले, त्यामुळे आता १/१६० हाच माझा वेग ठरला आहे. मित्राच्या ट्रिगरमध्ये लहान अंतराची निवड सापडली. ती घेतल्यानंतर फ्लॅशच्या शेजारी उभे राहून सलग चाळीस छायाचित्रे काढली. दोनदा फ्लॅश उडाला नाही, आणि दोन्ही वेळा रिसीव्हरचा दिवा लुकलुकला होता, म्हणजे तो भरण्याआधीच मी शटर दाबले होते.

वडिलांच्या फ्लॅशचा मधला बिंदू मोजला. आकडा वाढत वाढत १८६ व्होल्टवर जाऊन थांबला. माझ्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत त्याविषयी काहीच लिहिलेले नाही आणि रिसीव्हरच्या पुस्तिकेतही मर्यादा दिलेली नाही, म्हणून सेल काढून तो कपाटात ठेवून दिला आहे. जास्त दाब सहन करणारा रिसीव्हर कोणी प्रत्यक्ष वापरला असेल आणि त्याच्या पुस्तिकेत तसा आकडा स्पष्ट दिलेला असेल, तर जरूर कळवा. त्या फ्लॅशचा उजेड वाया जाऊ नये असे वडिलांनाही वाटते.